घरीच कपाट करायचंय, कुठलं मशीन आधी घ्यावं?

आळशी_सुतार (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी, बरेच महिने वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. कामाच्या खोलीत एका भिंतीला कमरेएवढं बुटकं कपाट करायचंय, १८०० मिमी लांब, वर प्रिंटर, आत पुस्तकं नि फायली, मधे तीन ड्रॉवर आणि दोन्ही बाजूंना दारं. प्लाय १८ मिमीचं वापरायचं ठरलंय. सध्या माझ्याकडे एक हातकरवत, वडिलांच्या दोन पटाश्या, एक गुण्या (काटकोन बघायचा) आणि एक जुनं वायरीचं ड्रिल एवढाच संसार आहे. व्हिडिओ बघून बघून यादी केली ती अशी: टेबल सॉ, मायटर सॉ, जिगसॉ, राउटर, सँडर, कॉर्डलेस ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, नेलगन. बायकोने यादी वाचली आणि म्हणाली, कपाट कशाला हवंय ते आत्ता कळलं, ही मशिनं ठेवायला. तर यातलं आधी काय घ्यावं, नंतर काय, आणि काय घेऊच नये? आणि वायरवालं की बॅटरीवालं?

मापात_पाप:
वहिनींना अनुमोदन.
ही यादी व्हिडिओवाल्यांची आहे हो, तुमच्या कपाटाची नाही. कपाट म्हणजे काय तर खोकी. सरळ कापायचं, काटकोनात जोडायचं, भोकं पाडायची. बाकी सगळे लाड.
टेबल सॉ तर आत्ता अजिबात नको. प्लायची पूर्ण शीट २४४० बाय १२२०, १८ मिमीची असेल तर वजन सहज ३० किलोच्या पुढे जातं, ते धूड छोट्याशा टेबलावरून एकट्याने ढकलत न्यायचं म्हणजे पहिले दोन फूट मजेत जातात आणि शेवटी शीट पलीकडे कलंडते, कापलेली फट आवळते आणि ब्लेड अडकतं. त्यापेक्षा उलटं करा, शीट जमिनीवर ठेवा आणि मशीन तिच्यावरून चालवा. खाली जाड फोमची किंवा थर्मोकोलची शीट अंथरायची, ब्लेड प्लायच्या खाली ५-६ मिमी येईल एवढंच ठेवायचं, ते फोममधे चर पाडत जातं, जमिनीला काही होत नाही. यासाठी लागतो साधा सर्कुलर सॉ, म्हणजे हातात धरायची गोल ब्लेडची करवत, १८५ मिमी म्हणजे सव्वासात इंची ब्लेडचा.
आता सरळ कसं कापायचं, तर त्यासाठी एक पट्टी घरीच करा. ६ मिमी प्लायचा फूटभर रुंद लांब तुकडा घ्या. त्याच्यावर एक अरुंद सरळ पट्टी बसवा, शीटची कारखान्यातून आलेली कडा असते ना तीच कापून वापरा, ती सरळ असते. मशीनचा बेस त्या पट्टीला टेकवून एकदा आरपार चालवा. जास्तीचं प्लाय गळून पडेल आणि जी कडा उरेल तीच तुमच्या ब्लेडची रेघ. पुढे प्रत्येक वेळी ती कडा पेन्सिलच्या खुणेवर ठेवायची, दोन क्लॅम्प मारायचे, बास, बेसपासून ब्लेडचं अंतर वजा करत बसायला नको. ब्लेड बदलून जाड-बारीक घेतलं तर मात्र पट्टी नवी करा, हे मी विसरलो होतो आणि एक अख्खं दार पाऊण मिलिमीटरने बारीक झालं होतं.
आणि मशीनसोबत बहुधा २४ दातांचं ब्लेड येतं, ते फळ्या चिरायला. त्याने प्लाय कापलं तर कडेला उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. ४० किंवा ६० दातांचं वेगळं घ्या. माझ्या मते महागडं मशीन आणि सोबतचं ब्लेड यापेक्षा मधलं मशीन आणि चांगलं ब्लेड कधीही बरं. कापताना चांगली बाजू खाली ठेवा.

आळशी_सुतार:
धन्यवाद, पट्टीची आयडिया भारीच आहे. पण चांगली बाजू खाली का? मी तर सगळीकडे वर ठेवलेली बघितलीय.

मापात_पाप:
ते टेबल सॉवर असणार. दात लाकडातून जिथून बाहेर पडतात तिथे ढलप्या उडतात. हातातल्या सर्कुलर सॉचे दात खालून वर येतात, म्हणून वरची बाजू खराब होते. टेबल सॉचं ब्लेड खालून वर डोकावतं पण कापणारे दात तुमच्या बाजूने वरून खाली जातात, म्हणून तिथे चांगली बाजू वर. दोन्ही बाजू दिसणार असतील तर रेघेवर मास्किंग टेप लावा, नाहीतर कटरने आधी रेघ कोरून घ्या.

अवांतरवाला:
अवांतर: जिगसॉचं साधं ब्लेडपण वर येतानाच कापतं, त्यामुळे तिथेही चांगली बाजू खाली. जिगसॉचा जन्म शिलाई मशीनमधून झालाय. स्वित्झर्लंडमधे सिंटिला कंपनीत आल्बर्ट काउफमान म्हणून इंजिनिअर होता, त्याने १९४६ साली बायकोच्या शिलाई मशीनची सुई काढून तिथे करवतीचं पातं लावलं. पुढे ती कंपनी बॉशने घेतली. धागाकर्त्याने वहिनींच्या शिलाई मशीनपासून लांब राहावे.

बिनधास्त_बाबू:
कशाला एवढा खर्च भावा. ग्राइंडर असतोच कुणाकडेतरी, त्याला लाकडाचं दातेरी ब्लेड लाव आणि घे कापून. मी दोन स्टुलं केलीत अशीच.

पाचर_ताई:
बाबू, स्टुलं झाली आणि बोटं शाबूत आहेत याचा आनंद आहे, पण हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. धागाकर्ते, हे वाचून सोडून द्या.
चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेऱ्यांनी फिरतो, सर्कुलर सॉ ५,००० च्या आसपास. प्रत्येक ब्लेडवर त्याची कमाल गती छापलेली असते, ती वाचा, लाकूड कापायची बरीच ब्लेडं त्या गतीसाठी बनलेलीच नसतात. दुसरं म्हणजे ग्राइंडरला सपाट बेस नाही, खालून झाकणारं सरकतं गार्ड नाही, लाकूड फाकवून धरणारं काही नाही. घासायचं चाक अडकलं तर घसरतं, दात असलेलं ब्लेड अडकलं तर ते लाकडावर चढतं आणि मशीन उसळून थेट अंगावर येतं.
उसळी म्हणजे काय हे मला पोटावर कळलंय. बारा वर्षांपूर्वी टेबल सॉवर एक अरुंद पट्टी चिरत होते, ब्लेडमागची राइव्हिंग नाइफ (कापलेली फट उघडी धरणारी पट्टी) मीच काढून ठेवलेली, कारण आदल्या दिवशी ती खाच पाडताना आड येत होती. पट्टी मागे आवळली, ब्लेडच्या मागच्या वर येणाऱ्या दातांनी तिला उचललं आणि ती सुटली ती बेंबीच्या दोन बोटं वर. बघता बघता बशीएवढं काळंनिळं. दोन आठवडे हसताना त्रास व्हायचा, खोकताना तर विचारू नका. तेव्हापासून ब्लेडच्या सरळ रेषेत उभी राहत नाही, कुणी कितीही घाई केली तरी.
हातमोजे घालून फिरतं मशीन वापरू नका. मोजा दातात अडकला तर हात सोबत नेतो. गॉगल, कानाला मफ, तोंडाला नीट बसणारा मास्क, हे तिन्ही मशीनच्या आधी घ्या. लाकडाचा भुसा नुसता त्रासदायक नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ पासून त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. एमडीएफचा (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचा) भुसा तर पिठासारखा, तासभर हवेतच तरंगत राहतो.

बिनधास्त_बाबू:
बरं ताई, ऐकतो. पण ते बोट लागलं की आपोआप थांबणारं मशीन असतं म्हणे ना?

पाचर_ताई:
असतं. सॉस्टॉप. स्टीव्ह गॅस नावाच्या माणसाने १९९९ च्या सुमारास ते काढलं. ब्लेडमधून बारीक विद्युत सिग्नल सोडलेला असतो, कातडी लागली की तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमधे घुसतो, ५ मिलिसेकंदांच्या आत ब्लेड थांबतं. ठोकळा आणि ब्लेड दोन्ही जातं पण बोटावर ओरखडाच उठतो. मात्र उसळी त्याने थांबत नाही, त्यासाठी राइव्हिंग नाइफच पाहिजे.

डब्बल_बॅटरी:
वायर की बॅटरी यावर माझे दोन पैसे. ड्रिल बॅटरीचं घ्या, सॉ वायरीचा घ्या. ड्रिल दिवसातून पन्नासदा उचलायचं असतं, कपाटाच्या आत डोकं घालून स्क्रू मारताना वायर नकोशी होते. सॉ मात्र जमिनीवर एका जागी सरळ रेघेत चालतो आणि भूक मोठी असते त्याला.
आणि १८ व्होल्ट की २० व्होल्ट यावर झोप उडवून घेऊ नका, दोन्ही एकच. आत ५ सेल असतात, सेलचा नेहमीचा दाब ३.६ म्हणून १८, पूर्ण चार्ज असताना सेलमागे ४ धरला की २०. डब्यावर जास्तीचा आकडा छापला की 'मॅक्स' लिहितात. १२ मॅक्सवालं पण तसंच, ३ सेल, खरं १०.८. कपाटाच्या कामाला हे छोटं १२ वालंसुद्धा पुरतं, उलट हलकं असतं आणि कोपऱ्यात शिरतं. मकिता, बॉश, डिवॉल्ट कुठलंही घ्या, पण एकदा घेतलं की त्याच बॅटरीत पुढची मशिनं येतात, म्हणून तुमच्या हातात नीट बसतं ते बघा आणि बॅटऱ्या दोन घ्या.
इम्पॅक्ट ड्रायव्हर नंतर. लांब स्क्रू तो लोण्यासारखे मारतो खरा, पण त्याला ठरावीक जोर झाला की सुटणारा क्लच नाही, नवख्याच्या हातात बारीक स्क्रू पार आत घुसून जातो. साध्या ड्रिलच्या कॉलरवर आकडे असतात तो क्लच, छोट्या आकड्यापासून चढत जा.

आळशी_सुतार:
मंडळी खूप आभार. यादीतून टेबल सॉ, मायटर सॉ, नेलगन, इम्पॅक्ट बाद. सर्कुलर सॉ, कॉर्डलेस ड्रिल, सँडर, चार क्लॅम्प एवढं घेतोय. आता कटिंग लिस्ट केलीय ती बघा ना. शीट २४४० ची, त्यातून ६१० चे चार तुकडे बरोबर बसतात, त्याच्या बाजूच्या फळ्या करीन. आणि एक शंका, ६०० ची तीन खोकी करण्याऐवजी ९०० ची दोनच केली तर उभ्या फळ्या वाचतील ना?

ओळंबा:
६१० चे चार बसत नाहीत. ब्लेड काय हवा खातं का? प्रत्येक कापाला साधारण २ मिमी भुसा होतो, तीन काप म्हणजे ६ मिमी गायब. ६०० धरा, वर उरलेल्यात शीटची ठेचलेली कडापण छाटून निघेल.
९०० बद्दल: फळीवर पुस्तकं सारखीच दाटीने लावली तर फळीचा झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. ६०० चं ९०० म्हणजे लांबी दीडपट, झोल पाचपट. पहिल्या वर्षी दिसणार नाही, नंतर फळी हसायला लागेल. उपाय दोन. जाडी वाढवली तर ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, १८ च्या जागी २५ घेतली तर जवळजवळ पावणेतीन पट. किंवा फळीच्या पुढच्या कडेला ४० मिमीची पट्टी उभी चिकटवा, तीही खूप फरक पाडते. पण तुमच्यासाठी ६०० ची तीन सुटी खोकी हेच बरं, एकट्याला उचलता येतात, पाणसळ लावून एकेक जागेवर बसवता येतं आणि मग आतून एकमेकांना स्क्रूने बांधायची. दोन फळ्या जास्त लागतात, लागू दे.
सगळ्यात महत्त्वाचं, फळी कापायच्या आधी प्लायची जाडी व्हर्नियरने मोजा. १८ म्हणून घेतलेलं प्लाय बऱ्याचदा १७.३, १७.५ भरतं. तुम्ही ६०० मधून ३६ वजा करून आतली फळी ५६४ ची कापणार आणि आत जागा असणार ५६५.४. टेपने नाही, व्हर्नियरने.

आळशी_सुतार:
आत्ता मोजलं. १७.३. तुम्ही माझ्या घरात आहात का?

ओळंबा:
हाहा. सगळ्यांच्या घरात तेच असतं.
जोडताना: प्लायच्या कडेत स्क्रू मारण्याआधी भोक पाडाच, ४ बाय ५० च्या स्क्रूला ३ मिमी. नाही पाडलं तर प्लायचे थर फाकतात, पुस्तकाची पानं उघडल्यासारखे. वरच्या फळीत स्क्रूचं डोकं बसायला खळगा करा. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद लावायचा तर दोन्ही बाजू उघड्या लाकडाच्या हव्यात, सनमायकावर तो नुसता वाळून पापुद्रा होतो. खोकं उभं राहिलं की गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मापा. ज्या कर्णाचं माप जास्त येईल त्यावर क्लॅम्प आडवा लावून हळूहळू आवळा, दोन्ही सारखे होईपर्यंत. मग ६ मिमीची पाठ काटकोनात कापून ठोका, ती पाठच खोक्याला काटकोनात धरते. पाठ हे झाकण आहे असं समजून लोक तिला ३ मिमी करतात आणि वर्षभरात दारं तिरकी होतात, मग बिजागरीला शिव्या.

(चार आठवड्यांनी)

आळशी_सुतार:
धागा वर काढतोय. तीन खोकी झाली, कर्ण एका खोक्यात दीड मिमी चुकलाय, बाकी दोन्ही बरोबर. पट्टीमुळे काप इतका सरळ आला की शेजारचे काका बघायला आले. दारांवर मात्र घोळ झाला. ऑटो बिजागरीची (दारात गोल वाटी बसते ती) ३५ मिमीची वाटी बसवायला फोर्स्टनर बिटने, म्हणजे सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या बिटने, भोक पाडत होतो, खोली १३ मिमी म्हटलेली, मी मापून तेवढीच केली, शपथ, आणि दार उलटलं तर पुढच्या बाजूला टाचणीएवढं भोक. दुसऱ्या दारालापण तेच. १७ मिमीच्या दारात १३ चं भोक, मग हे आलं कुठून?

पाचर_ताई:
बिटच्या मधल्या टोकातून. कडा १३ वर थांबते पण मधला काटा तिच्या पुढे दोन-तीन मिमी असतो, थोडा जास्त दाब पडला की तो पलीकडे डोकावतो. वाटीची खरी खोली बिजागरीच्या कागदावर वाचा, पुष्कळांना १२ पण पुरते. काट्याचं टोक कानसने थोडं घासून कमी केलं तरी चालतं. आधी रद्दी तुकड्यावर एक भोक पाडा, बिजागरी बसवून बघा, बिटवर त्या खोलीला टेप गुंडाळा, मग दाराला हात लावा. ड्रिल हळू गिअरमधे ठेवा, लाकूड जळल्याचा वास आला तर वेग जास्त आहे. भोकाचा मध्य दाराच्या कडेपासून साधारण २२ ते २३ मिमी, म्हणजे कडा आणि वाटी यांच्यात ५ मिमी उरतं. आणि तुमच्या भोकांना लाकडी पुट्टी, त्यावर सँडपेपर, कुणाला कळणार नाही. मला माहीत आहे तेवढं पुरे.

मापात_पाप:
सँडरबद्दल एक राहिलं, प्लायचा वरचा व्हिनिअर अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतो. पुट्टी घासताना एका जागी थांबलात तर खालचा थर दिसायला लागतो आणि तो परत झाकता येत नाही. १८० नंबरने सुरू करा, मशीन दाबू नका, नुसतं फिरवत राहा.

डब्बल_बॅटरी:
वाचनखूण साठवली आहे. पुढच्या महिन्यात माझीपण हीच परीक्षा.

आळशी_सुतार:
दारं लागली. आधी दोन्ही एकमेकांना घासत होती, बिजागरीचा पुढचा स्क्रू अर्धा आटा फिरवला आणि मधली फट वरपासून खालपर्यंत ३ मिमी सारखी झाली, तेव्हा खरंच ओरडलो. वरचे दोन ड्रॉवर बसले. ड्रॉवर सरकवायचा चॅनेल एका बाजूला १२.७ मिमी जागा खातो म्हणून आतल्या ५६५ मधून २६ वजा करून ड्रॉवर बाहेरून ५३९ चे केले होते. तिसरा, सगळ्यात खालचा, मात्र अर्ध्यावर जाऊन घट्ट होतो. मापलं तर बाजूची फळी खाली पोटात आलीये, तिथे आत ५६४ पण भरत नाही. रंध्याने साइड थोडी उतरवली तर चालेल का? पण रंधा माझ्याकडे नाही, तो यादीतच नव्हता.

पाचर_ताई:
रंधा नसला तरी अडत नाही. ८० नंबरचा सँडपेपर एका सपाट ठोकळ्याला गुंडाळा, चॅनेल सुटा करा आणि ड्रॉवरच्या बाजूवर चॅनेल जिथे बसतो तेवढाच पट्टा घासा, दोन्हीकडून समान. मधे मधे चॅनेल लावून सरकवून बघा. पाऊण मिमी काढायला वेळ लागेल, चहा प्यायल्यासारखं निवांत करा. जास्त निघालं तर चॅनेलमागे जाड कागदाची पट्टी घालायची.

आळशी_सुतार:
जास्त निघालं. कागदाची पट्टी घातलीय. आता सरकतो.